मैदान सोडलं, शब्द नाही

दहावीचं वर्ष लागलं की आपल्या घराघरांत एक गोष्ट ठरलेली असते. बॅट, बॉल, स्केटिंगचे बूट, जे काही असेल ते माळ्यावर जातं. खेळून कुणाचं पोट भरलंय का, हे आपल्या आया म्हणायच्या आणि आता आपण म्हणतो. मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. पीटीचा तास गणिताच्या सरांनी मागून घेतलाय, हे इतक्यांदा पाहिलंय की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. खेळ एका डब्यात, अभ्यास दुसऱ्या डब्यात, आणि दोन्ही डबे एकदम उघडायचे नाहीत!

अशा वेळी मला डॉ. टी. आओ आठवतात. नाव ऐकलंय का? बहुतेकींनी ऐकलं नसेल. ईशान्य भारतात मात्र हे नाव आजही आदराने घेतलं जातं. मला ते भेटले आपल्या खाशाबा जाधवांमुळे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवून आले, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याआधी १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकलाही गेले होते आणि तिथे सहावे आले होते. त्याबद्दल वाचत असताना सहज मनात आलं, स्वतंत्र भारत पहिल्यांदाच ऑलिंपिकला गेला, तेव्हा तिरंगा कुणाच्या हातात होता? उत्तर मिळालं, तालिमेरेन आओ. फुटबॉल संघाचा कप्तान आणि कलकत्त्याचा वैद्यकीय विद्यार्थी. नागा डोंगरातल्या एका छोट्या गावचा मुलगा. मग काय, त्यांची सगळी कहाणीच शोधून काढली.

तालिमेरेन यांचा जन्म २८ जानेवारी १९१८ चा. गाव चांगकी. आज ते नागालँडच्या मोकोकचुंग जिल्ह्यात येतं. तेव्हा नागालँड नावाचं राज्य नव्हतं, आसामचा नागा हिल्स नावाचा डोंगराळ जिल्हा होता. आओ हे त्यांचं आडनाव नाही, त्यांच्या जमातीचं नाव आहे. वडील सुबोंगवाती हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. आई माओंगसांगला. बारा भावंडं, त्यात हे चौथे. पुढे कुटुंब इंपूरला मिशनच्या वस्तीत राहायला गेलं आणि तिथल्या मोकळ्या जागेत या पोराला फुटबॉलचं वेड लागलं. खरा चेंडू कुठून आणणार? चिंध्या गुंडाळून केलेला चेंडू, आणि पायात काही नाही. आपल्याकडे नाही का, मोज्यात कापूस भरून पोरं क्रिकेट खेळायची, तसंच.

शाळा आधी इंपूरला, मग खाली आसामात जोरहाटला. मुलगा हुशार होता, खेळातही पुढे. आणि १९३५ साली वडील विषमज्वराने गेले. विषमज्वर म्हणजे टायफॉईड. आज आपण रक्त तपासतो, डॉक्टर गोळ्या देतात, आठ-पंधरा दिवसांत माणूस हिंडू-फिरू लागतो. तेव्हा ही औषधं कुठेच नव्हती, आणि त्या डोंगरात तर डॉक्टरच दुर्मिळ. जाताना वडिलांनी या मुलाला एकच सांगितलं, की तू डॉक्टर हो आणि आपल्या माणसांची सेवा कर.

सतरा वर्षांचं पोर, आणि घरात एवढी भावंडं. मी या ठिकाणी नेहमी थांबते ती माओंगसांगला या आईपाशी. नवरा गेल्यावर एवढा संसार तिच्या पदरात. अशा वेळी हाताशी आलेल्या मुलाला घरी बोलावून घेणं किती सोपं होतं! शेतीत राब, नाहीतर मिशनमध्ये काहीतरी काम बघ, असं म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण मुलगा घरी बसला नाही. तो आणखी लांब गेला. जोरहाटहून गुवाहाटीला, कॉटन कॉलेजात.

तिथे शिकता शिकता तो महाराणा क्लबकडून फुटबॉल खेळू लागला. अंगाने उंच, पायात ताकद, आणि डोकं थंड. मधल्या फळीत उभं राहून समोरून येणारा हल्ला अडवायचा आणि चेंडू आपल्या माणसाकडे सोपवायचा, हे त्याचं काम. गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, अडवणाऱ्याचं क्वचितच. घरातल्या बाईच्या कामासारखंच आहे ते. झालेलं दिसत नाही, राहिलं तर लगेच दिसतं.

डॉक्टर व्हायचं तर पुढे कलकत्ता गाठायलाच हवं होतं, कारण पदवी देणारं वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा आसामात नव्हतं. दिब्रुगडचं निघालं ते १९४७ साली. १९४२ मध्ये तालिमेरेन यांना कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. पुढे याच कॉलेजचं नाव आर. जी. कर मेडिकल कॉलेज झालं. आणि १९४३ मध्ये मोहन बागानने त्यांना आपल्या संघात घेतलं.

मोहन बागान म्हणजे काय, हे बंगाली शेजारीण असेल तर तिला विचारा! १८८९ साली निघालेला क्लब. १९११ साली याच क्लबच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी बूट घातलेल्या गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. स्वातंत्र्य मिळायच्या आधीचा तो विजय, लोकांना तो स्वातंत्र्याचाच वाटला. अशा संघात डोंगरातून आलेला हा मुलगा नुसता खेळला नाही, तर पुढे कप्तानही झाला.

आता जरा तो काळ डोळ्यांपुढे आणा. १९४३ म्हणजे बंगालच्या दुष्काळाचं वर्ष. लाखो माणसं अन्नावाचून गेली, कलकत्त्याच्या फुटपाथवर प्रेतं पडलेली असायची. १९४४ मध्ये जपानी फौजा थेट नागा डोंगरात येऊन धडकल्या. कोहिमाला तर असं घनघोर युद्ध झालं, की डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टच्या या बाजूला एक सैन्य आणि त्या बाजूला दुसरं. १९४६ मध्ये कलकत्त्यात दंगली उसळल्या. १९४७ मध्ये फाळणी झाली, निर्वासितांचे लोंढे आले. हे सगळं आजूबाजूला चाललेलं असताना हा मुलगा सकाळी मुडदे फाडून शरीर शिकत होता आणि संध्याकाळी मैदानावर उतरत होता. १९४२ ला प्रवेश, पदवी १९५० ला. आठ वर्षं! आज आपल्या मुलाची एखादी सीईटी हुकली, एक वर्ष वाया गेलं, तर घरात सुतक असल्यासारखं होतं.

आणि मग आलं १९४८. देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं. गांधीजी जाऊन जेमतेम सहा महिने. २९ जुलैला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ऑलिंपिकचं उद्घाटन झालं. वर्षभरापूर्वीपर्यंत ज्यांचं राज्य आपल्यावर होतं, त्यांच्याच राजधानीत, त्यांच्या राजासमोर, आपल्या पथकाचा झेंडा घेऊन तालिमेरेन आओ चालले.

ही नुसती मानाची गोष्ट नव्हती बरं का. १४ ऑगस्ट १९४७ ला नागा नॅशनल कौन्सिलने आपण वेगळे आहोत असं जाहीर केलं होतं. म्हणजे ज्या डोंगरात आम्ही भारतात आहोत की नाही यावर वाद पेटलेला, त्याच डोंगरातला तरुण भारताचा झेंडा घेऊन जगापुढे उभा राहिला. राजदूत होण्यासाठी दरवेळी वकिलातीत बसावं लागत नाही. तो त्या दिवशी देशाचा वकीलच होता, आणि दिल्लीने आपल्या डोंगराकडे बघावं म्हणून डोंगराचाही वकील होता. असं मला वाटतं.

३१ जुलैला भारताचा सामना फ्रान्सशी झाला. जागा लंडनजवळचं इलफर्ड. प्रशिक्षक बलाईदास चटर्जी, उपकप्तान शैलेन मन्ना, गोलरक्षक वरदराज. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. काहींनी पायाला नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या. लोकांना वाटलं, हे बिचारे काय खेळणार! पण फ्रान्सने पहिला गोल केल्यावर सारंगपाणी रामनने दुसऱ्या सत्रात बरोबरी साधली. सामना संपत आला तेव्हा फ्रान्सने दुसरा गोल मारला आणि आपण २-१ ने हरलो. त्या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. दोन्ही हुकल्या. दोन्ही! त्यातली एक जरी गेली असती तर स्वतंत्र भारताच्या फुटबॉलची सुरुवात कशी झाली असती, याचा विचार करून आजही जुने शौकीन हळहळतात.

हरले तरी त्यांनी बघणाऱ्यांची मनं जिंकली. बूट का घालत नाही, असं तिथल्या पत्रकारांनी विचारलं तेव्हा कप्तान आओंनी दिलेलं उत्तर ईशान्येत अजून सांगतात. या खेळाचं नावच मुळी पायावरून पडलंय, बुटावरून पडलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी मिश्किल ते बोलले. पत्रकार हसले. गरिबीचं हसू होऊ न देता, आणि समोरच्याला न दुखवता दिलेलं उत्तर! चार पाहुण्यांसमोर कुणी आपल्या साध्या साडीवरून बोललं तर असं उत्तर सुचायला हवं, नाही का? ऑलिंपिकनंतर संघ युरोपात आणखी काही सामने खेळला. हॉलंडमध्ये त्यांनी अजॅक्स या नावाजलेल्या क्लबला ५-१ असं हरवलं.

याच सुमारास लंडनच्या आर्सेनल क्लबने आओंना एक वर्षाचा करार देऊ केला, असं सांगितलं जातं. आज आपल्या गल्लीतली पोरं आर्सेनलचे टी-शर्ट घालून हिंडतात. तो क्लब! पैसा, नाव, लंडनमधलं राहणं, सगळं समोर आलेलं. आणि तीस वर्षांचा हा माणूस नाही म्हणाला. का? तर एमबीबीएस पुरं व्हायचं होतं. वडील जाऊन तेरा वर्षं झाली होती, शब्द तसाच बाकी होता.

तो परत आला. पुन्हा पुस्तकं, पुन्हा वॉर्ड, पुन्हा परीक्षा. १९५० मध्ये डॉक्टर झाला. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. भारताने फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं. अंतिम सामन्यात इराणवर एका गोलने मात केली, गोल केला मेवालालने. कप्तान होते शैलेन मन्ना, लंडनला ज्यांनी आओंच्या हाताखाली उपकप्तान म्हणून काम केलं होतं. डॉ. आओ त्या संघात नव्हते.

मैत्रिणींनो, मला या कहाणीतला सगळ्यात अवघड क्षण हाच वाटतो. लंडनमधल्या पराभवापेक्षा अवघड. आपल्याच सोबत्यांनी सोनं जिंकावं आणि आपण तिथे नसावं! आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक आहे. लग्नाआधी ज्या मैत्रिणीबरोबर आपण गायलो, खेळलो, परीक्षा दिल्या, तिचं नाव पेपरात छापून येतं, आणि आपण कणीक मळता मळता ते वाचतो. आनंद होतो, अगदी मनापासून होतो. पण पोटात कुठेतरी हलतंच.

डॉ. आओ आधी दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजात रुजू झाले, कान-नाक-घसा विभागात. तिथून १९५३ मध्ये ते कोहिमाला असिस्टंट सिव्हिल सर्जन म्हणून गेले. म्हणजे परत आपल्या डोंगरात. पत्नी डेइकिम या कुकी समाजातल्या, पेशाने परिचारिका. घरात एक डॉक्टर आणि एक नर्स, दोघं दोन वेगळ्या जमातींचे. कोहिमातच त्यांचा संसार उभा राहिला.

कोहिमा म्हटलं की आपल्याला आता हॉर्नबिल महोत्सवाचे रंगीत फोटो आठवतात. १९५३ चं कोहिमा तसं नव्हतं. युद्धात उद्ध्वस्त झालेलं गाव नुकतं सावरत होतं. नागांची खेडी डोंगराच्या माथ्यावर वसलेली, दोन गावांत खोल दरी, रस्ते थोडे. पावसाळ्यात डोंगर खचतात. प्रत्येक जमातीची भाषा वेगळी, एका गावातलं बोलणं पलीकडच्या जमातीला कळत नाही, मग सगळ्यांना जोडायला नागामीज नावाची बाजारातली बोली. आणि त्यातच पन्नाशीच्या मध्यापासून बंडखोर आणि लष्कर यांच्यातला संघर्ष सुरू झाला. १९५८ मध्ये सशस्त्र दलांना खास अधिकार देणारा कायदा तिथे लागू झाला. गावं जळत होती, माणसं जंगलात पळत होती. कोण कुणाच्या बाजूचं, हा प्रश्न दर वळणावर होता.

अशा ठिकाणी सरकारी डॉक्टर असणं म्हणजे काय, ते आपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभं राहताना थोडंफार समजू शकतो. औषध संपलेलं, गाडी नाही, बाळंतीण अडलेली, आणि बाहेर वातावरण तंग. आजार जात बघत नाही आणि बाजूही बघत नाही. तापाने फणफणलेलं लेकरू कुणाच्याही घरचं असू शकतं. अशा मुलखात त्यांनी पंचवीस वर्षं काढली, बदलीसाठी मुंबई-दिल्लीच्या खेटा घातल्या नाहीत. ज्या माणसाला लंडन साध्य होतं, त्याने कोहिमा निवडलं.

१ डिसेंबर १९६३ ला नागालँड हे भारताचं सोळावं राज्य झालं. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी कोहिमात येऊन उद्घाटन केलं. नवं राज्य म्हणजे सगळंच नवं. कचेऱ्या, खाती, नोकरभरती, इमारती. त्या नव्या राज्याच्या आरोग्य खात्याचे संचालक झाले डॉ. टी. आओ. लंडनला ज्याने देशाचा झेंडा धरला, त्याच्याकडे आता दवाखाने, औषधं, लस, नर्स, दाया, सगळ्यांचा हिशेब आला. या कामात टाळ्या नसतात. आरोग्य खातं नीट चाललं तर बातमी होत नाही, साथ आली की होते. म्हणजे पुन्हा तेच, मधल्या फळीतलं अडवण्याचं काम!

१९७८ मध्ये ते निवृत्त झाले. पुढची वीस वर्षं शांतपणे जगून १३ सप्टेंबर १९९८ ला ऐंशीव्या वर्षी गेले. गेल्यानंतर लोकांना हळूहळू आठवण येऊ लागली. आसामात कालियाबोरला त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे. २००९ मध्ये ईशान्येकडच्या राज्यांसाठी डॉ. टी. आओ यांच्या नावाने फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. २०१८ मध्ये जन्मशताब्दीच्या वर्षी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं, म्हणजे शेवटी डॉक्टरच व्हावं हे सिद्ध झालं ना! माझ्या ओळखीच्या एका ताईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या लगेच हेच म्हणाल्या. शिवाय वडिलांची शेवटची इच्छा! आपल्या सिनेमांसाठी अगदी तयार माल.

पण मला ते एवढं सरळ वाटत नाही. मरणाऱ्या माणसाच्या इच्छेचं ओझं पोराच्या पाठीवर टाकणं बरोबर आहे का, हा प्रश्न मला खरंच पडतो. आपण तर जिवंतपणीच टाकतो. मला जमलं नाही ते तू कर. शेजारच्या काकूंचा मुलगा इंजिनिअर झाला, आता तू हो. त्या इच्छेत मुलगा किती आणि आपली मान ताठ व्हावी ही हौस किती, हे स्वतःशी मोजून बघायला हवं. सुबोंगवातींची इच्छा मला वेगळी वाटते ती यासाठी, की तीत घराण्याचं नाव नव्हतं. डोंगरात डॉक्टर नव्हता, माणसं मरत होती, ते स्वतःच मरत होते. मुलाला ते खरं वाटलं, पटलं, म्हणून त्याने ते एवढी वर्षं धरून ठेवलं. न पटलेलं ओझं माणूस सतराव्या वर्षी उचलतोही कदाचित, पण तिसाव्या वर्षी लंडनमध्ये उभा असताना टाकून देतो.

आणि दुसरी गोष्ट. त्या मुलाला कुणी खेळ सोडायला लावला नाही. चिंध्यांचा चेंडू कुणी माळ्यावर टाकला नाही. आठ वर्षं कॉलेज आणि क्लब दोन्ही चाललं. मैदानावर तो जे शिकला, म्हणजे आपली जागा न सोडणं, हरल्यावरही समोरच्याशी हात मिळवणं, वेगळी भाषा बोलणाऱ्या दहा जणांना एकत्र घेऊन चालणं, ते कुठल्या पुस्तकात होतं? कोहिमाच्या त्या वर्षांत त्याला वैद्यकशास्त्राइतकंच हेही लागलं असणार, असं माझं मन मला सांगतं.

म्हणून परीक्षेचं वर्ष आलं तरी संध्याकाळचा तासभर पोरांना मैदानावर जाऊ द्या. मुलींनाही. विशेषतः मुलींना, कारण त्यांचा खेळ दहावीच्या कितीतरी आधी बंद होतो, आणि तो का बंद झाला हे विचारायचीही आपल्याला सवय नाही. सगळी मुलं काही कप्तान होणार नाहीत, सगळी डॉक्टरही होणार नाहीत. पण हुकलेल्या पेनल्टीनंतर घरी येऊन जेवायचं कसं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडायचं कसं, हे ज्याला मैदानाने शिकवलं, त्याला एका निकालाने कुणी मोडू शकत नाही. निकालाच्या दिवसांत पेपर उघडताना आपल्या छातीत जी धडधड होते, ती थोडी तरी कमी होईल.